मुकादम घरात पाय वर करतो

१२ जानेवारी २०२५

आज पुन्हा. या वेळी सोफ्याच्या डाव्या पायावर. सकाळी त्याला खाली फिरवून आणला, बागेतली झाडं, उभ्या गाड्यांची चाकं, विजेचा खांब सगळं भिजवून झालं. वर आलो, पट्टा सोडला आणि साहेब सरळ सोफ्यापाशी. मागचा पाय वर, जेमतेम चमचाभर धार, आणि मग माझ्याकडे बघून शेपूट हलवली. मीरा चहाचा कप घेऊन तिथेच उभी होती. ती ओरडली नाही. ती ओरडली नाही की मला जास्त धास्ती वाटते.

"अहो," ती म्हणाली, "उन्नती बाळंतपणाला येतेय. पाडव्यापर्यंत हे थांबलं तर थांबलं. नाही तर मुकादम राजोडीला जाईल."

राजोडीला म्हणजे हिलरीकडे. हिलरी माझा ऑफिसातला जुना सोबती. समुद्राजवळ त्याचं छोटंसं रिसॉर्ट आहे आणि त्याला राखणीला कुत्रा हवाय. राखणीचा कुत्रा म्हणजे दिवसभर साखळी. मुकादमाच्या गळ्यात पट्टासुद्धा या फ्लॅटमध्ये आल्यावर पहिल्यांदा पडला.

बँकेची फुकट डायरी दरवर्षी रद्दीत जाते. यंदा लिहायची ठरवलीय. उन्नती म्हणते, "बाबा, तुम्हाला बोलायला कुणी नसलं की तुम्ही आईशी भांडता, त्यापेक्षा लिहा." दिवाळीनंतर उमेळ्याचं घर आणि वाडी बिल्डरच्या ताब्यात दिली. तिथे इमारत उभी राहीपर्यंत आम्ही वसई रोडला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर. मीराला फ्लॅट आवडलाय. चोवीस तास पाणी, पाल नाही, विंचू नाही. मला काय, मी कुठेही राहतो.

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारच्या दाराला तिळगूळ द्यायला गेलो तर त्यांनी आतूनच "कौन?" विचारलं. उमेळ्याला आज वाटी घेऊन निघालेला माणूस दुपारी घरी परत यायचा.

मुकादम हे नाव सेबेस्टियनने ठेवलं. सेबेस्टियन म्हणजे आमच्या कुंपणापलीकडचा. आमची वाडी आणि त्याची वाडी यांच्यामध्ये फक्त पांगाऱ्याचं कुंपण होतं, आणि त्यालाही आम्ही दोघांनी ये-जा करून मोठं भगदाड पाडलं होतं. पिल्लू आणलं तेव्हा ते माझ्या मुठीएवढं होतं. थोडं मोठं झाल्यावर सकाळी मी पंप लावायला निघालो की हा पुढे. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, कडेचा माड, मग राजेळी केळीची ओळ, मग चिकू, मग सेबेस्टियनच्या हद्दीचा दगड. प्रत्येक ठिकाणी थांबून वास घ्यायचा, पाय वर करायचा, पुढे जायचं. सेबेस्टियन बघून म्हणाला, "ह्यो तुजा मुकादम हाय. कोन कामाला आला, कोन नाय आला, सगल्यांची हजेरी घेतो." तेव्हापासून मुकादम.

आणि घरात? ओटीवर झोपायचा, स्वयंपाकघरात मीराच्या पायांत लुडबुडायचा, पण पाच वर्षांत घरात एक थेंब नाही. हे मी मीराला सांगितलं. ती म्हणाली, "तेव्हा त्याला बाहेर वाडी होती." हेही खरंच.

त्या बावखलाचं पाणी मे महिन्यातसुद्धा गार असायचं. बिल्डरने ते पहिल्याच आठवड्यात बुजवून टाकलं. आज का आठवलं कोण जाणे. खूप आठवलं.

२० जानेवारी

एक चांगली गोष्ट सुचली. घरात काही अपवित्र झालं की आई गोमूत्र शिंपडायची. सुतक फिटलं, बाळंतिणीचे दिवस संपले, घरात मांजर मेलं, काहीही असो. आंब्याचं पान बुडवायची आणि चारी कोपऱ्यांत, उंबऱ्यावर, खाटेखाली शिंपडायची. तो वास आला की आम्हाला कळायचं, आता सगळं ठीक आहे. नातू किंवा नात येणार त्या घरात कुत्रा रोज विटाळ करतोय आणि मी नुसतं फिनाईल फिरवतोय!

स्कूटर काढली आणि उमेळ्याला गेलो. सेबेस्टियनकडे अजून गाय आहे. त्याने ताजं भरून दिलं. वर म्हणाला, "तुजा धरम मी बाटलीत भरून देतो, जयवंत. फादरला सांगू नको." मग चहा झाला. मग मी जरा पलीकडे डोकावलो. निळे पत्रे लावलेत सगळीकडे. फटीतून दिसतं. आमचा चिकू अजून उभा आहे, का ठेवलाय माहीत नाही. पत्र्याला डोळा लावून बराच वेळ उभा राहिलो. वॉचमनने हटकलं तेव्हा निघालो.

घरी येऊन मीरा बाजारात गेल्यावर सगळ्या कोपऱ्यांत शिंपडलं. दाराआड, सोफ्याखाली, उन्नतीच्या खोलीत पलंगाच्या पायांशी. वास आला आणि किती दिवसांनी मला या घरात नीट श्वास आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी मुकादमाने तीन ठिकाणी केलं. दार, सोफा, उन्नतीचा पलंग. बिचारा बिथरलाय.

२७ जानेवारी

डॉक्टर नेहलकडे नेला. मीराही आली होती. तरुण बाई आहे, कुत्र्याशी आधी बोलते, माणसाशी नंतर. तिने सांगितलं की ही शू नव्हे. शू लागली की कुत्रा मोकळा होतो, हा थोडंथोडं उडवतो, उभ्या वस्तूवर, पाय वर करून. म्हणजे तो खूण करतोय. नवी जागा आहे, अनोळखी वास आहेत, तो म्हणतोय इथे मी आहे. मारायचं नाही, नाक घासायचं नाही. वास राहिला तर तो तिथेच परत करणार, म्हणून वास मुळापासून जायला हवा. साध्या फिनाईलने जात नाही, तिने एक वेगळं औषध दिलं.

मग तिने बरीच चौकशी केली. घरात दुसरा कुत्रा येतो का? नाही. मांजर? नाही. दुसऱ्या कुठल्या जनावराचा वास चपलांना, कपड्यांना? मी म्हटलं, चौथ्या मजल्यावर कुठलं जनावर येणार. फरशी कशाने पुसता? फिनाईल, आता तुमचं औषध. अजून काही? काही नाही. स्वच्छतेच्या बाबतीत आमचं घर नावं ठेवण्यासारखं नाही, हेही सांगितलं.

शेवटी ती म्हणाली, नसबंदी करून टाकू, बऱ्याच कुत्र्यांना फरक पडतो. मी एकदम म्हटलं, "नको." ती हसली. "काका, तुमची नाही करत." मीरा इतकी हसली की बाहेर बसलेल्या बाईचं मांजर घाबरलं. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. वाडी गेली, बावखल गेलं, आता त्याचं एवढंही घ्यायचं?

४ फेब्रुवारी

उपाय चालू आहेत. डॉक्टर म्हणाली होती, जिथे करतो तिथे जेवणाचं भांडं ठेवा, कुत्रा जेवतो तिथे घाण करत नाही. सोफ्याजवळ भांडं ठेवलं. सोफा सुटला, दार धरलं. दाराशी भांडं नेलं तर कपाट धरलं. अशाने घरात खाणावळ उघडावी लागेल.

मीराने माझ्या जुन्या सुती पंच्याचा त्याला पोटपट्टा शिवलाय. तो बांधला की मुकादम मान खाली घालून उभा राहतो. व्हिडिओवर उन्नतीने बघितलं आणि म्हणाली, "बाबा, आधी याला लंगोट, मग माझ्या बाळाला. आईचा सराव चाललाय." जावई सुमेध मात्र मागून म्हणाला, "बाबा, मला तिच्या इन्फेक्शनची काळजी वाटते हो." चांगला मुलगा आहे. त्याचं चूक नाही.

बाटली संपली म्हणून उमेळ्याला जाऊन आलो.

१३ फेब्रुवारी

शेवटी ऑपरेशन केलं. पाडवा जवळ येतोय, दुसरा इलाज नव्हता. गळ्याभोवती प्लास्टिकचा नरसाळ्यासारखा पट्टा घालून मुकादम दाराच्या चौकटींवर आपटत फिरतोय. त्याच्याकडे बघवत नाही. मी त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिलो आणि त्याला सांगितलं की यात माझी काही इच्छा नव्हती.

सेबेस्टियनला सांगितलं तर तो टोपी काढून म्हणाला, "देव त्याच्या आत्म्याला शांती देवो." मग म्हणाला, "तू रोज येतो ते बरं हाय. माजी पन सकाल जाते."

रोज म्हणजे बाटली लागतेच. ताजंच चांगलं, आई शिळं कधी वापरायची नाही. गोठ्यात गाईजवळ बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. सेबेस्टियनने परवा त्याच्या वाडीतली सुकेळी दिली. तोंडात टाकली आणि आमचा सगळा मार्गशीर्ष डोळ्यांपुढे आला. आई मांडवावर केळी वाळत घालायची, आणि आम्ही मुलं राखणीला बसून तीच खायचो. घरी आणली तर मीराने एक खाल्ली आणि बाकीची डब्यात ठेवली. मी म्हटलं, "चल ना एकदा उमेळ्याला." ती म्हणाली, "काय बघायला?" आणि डब्याचं झाकण लावत बसली. तिला त्या जागेचं काही वाटत नाही असं कधीकधी मला वाटतं.

२५ फेब्रुवारी

फरक नाही. डॉक्टर म्हणते, औषधाने पुसत राहा, धीर धरा, शरीर शांत व्हायला वेळ लागतो. उन्नतीचा पलंग आज परत. मी शिंपडणं सकाळ-संध्याकाळ केलंय.

मीराने विचारलं, "अहो, बाटली रोज कशी संपते?" मी म्हटलं, "घर मोठं आहे." दोन खोल्यांचा फ्लॅट.

३ मार्च

हिलरी येऊन गेला. मुकादम त्याच्या हाताला हुंगून शेपूट हलवत बसला, त्याला काय माहीत. हिलरी माणूस भला आहे. म्हणाला, "जेवणाचे हाल नाही होणार, रोज मच्छीभात." मी विचारलं, "साखळी?" तो म्हणाला, "पावणे असतात ना रे, लहान पोरं असतात. रात्री सोडीन." पाडव्याला सकाळी गाडी घेऊन येतो म्हणाला.

तो गेल्यावर मीरा स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी होती. भांडी घासलेली होती. मी गेलो नाही. मलाच रडू येत होतं.

१३ मार्च

ताप आला होता. अंगातलं हाड न् हाड दुखत होतं. बरेच दिवस वहीसुद्धा उघडली नाही, उमेळ्याला जाणं तर दूरच. मीराने पेज करून घातली. मुकादम पलंगाखालून हलला नाही. मी हात खाली सोडला की तो चाटायचा.

आज जरा उठून बसलो तर मीरा म्हणाली, "एक सांगू? तुम्ही आजारी पडल्यापासून त्याने घरात एकदाही केलं नाही."

मी म्हटलं, "एकदाही?"

"एकदाही नाही. पोटपट्टा मी केव्हाच काढून ठेवला."

मला इतका आनंद झाला! ऑपरेशनचा गुण आला. डॉक्टरने सांगितलंच होतं, वेळ लागतो. हिलरीला लगेच कळवावं असं वाटलं, पण म्हटलं अजून थोडे दिवस जाऊ देत. संध्याकाळी खाली सोसायटीची होळी पेटली, तिला नमस्कार केला. उद्या पहिलं काम, उमेळ्याला जाऊन ताजं घेऊन यायचं आणि सगळं घर पुन्हा शुद्ध करून घ्यायचं. आता मुलगी कधीही येऊ दे.

१४ मार्च

गेलो, आणलं, शिंपडलं. दुपारी जेवून उठलो तर दार, सोफा, पलंग. तिन्ही.

मी त्याच्यावर हात उगारला. पाच वर्षांत पहिल्यांदा. मारला नाही, पण तो दबून बसला आणि मला माझीच लाज वाटली.

१५ मार्च

सकाळी मी शिंपडत होतो. मला वाटलं मीरा खाली गेलीय. ती दारात उभी होती, आणि तिच्या पायांशी मुकादम. मी सोफ्यापासून बाजूला झालो तसा तो तिथे गेला, नाक लावून वास घेतला, आणि आम्हा दोघांच्या देखत पाय वर केला.

मीरा खुर्चीवर बसली. आधी मला वाटलं रडतेय. हसत होती.

"अहो, तुमच्या बाटलीत काय आहे?"

"तुला माहीत आहे. गोमूत्र."

"म्हणजे काय असतं ते?"

"मीरा, चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही करत. तुमच्या-माझ्यासाठी ते पवित्र आहे. त्याला कोण सांगणार? त्याला एवढंच कळतं की रोज एक जनावर चार जिने चढून येतं आणि त्याच्या घरात मुतून जातं. मग तो बिचारा ते खोडून आपली सही करतो. रोज! आणि आपण त्याला कापलासुद्धा."

मी डॉक्टरला फोन लावला, मीरा चुकीची आहे हे सिद्ध करायला. सगळं सांगितलं. मग नेहल म्हणाली, "काका, मी विचारलं होतं ना, फरशी आणखी कशाने पुसता?" मी म्हटलं, "पण हे पुसणं नाही. ही शुद्धी आहे." ती म्हणाली, "बरोबर आहे, काका. चूक माझी. मी शुद्धीचं विचारलंच नाही."

फोन ठेवल्यावर मीराने बाटली माझ्या हातातून घेतली. हसू गेलं होतं. "आणि एवढी बाटली लागत नव्हतीच," ती म्हणाली. "उरलेली तुम्ही मोरीत ओतता. मी बघितलंय. उद्या परत जाता यावं म्हणून."

गॅलरीत जाऊन उभा राहिलो. राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. मागून ती आली आणि म्हणाली, "मला बघवत नाही म्हणून मी येत नाही. तुम्हाला बघितल्याशिवाय राहवत नाही म्हणून तुम्ही जाता. त्या घरात माझीही पस्तीस वर्षं गेली, अहो."

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे माहीत असायला हवं होतं.

२२ मार्च

औषधाने कोपरे धुऊन काढले. शिंपडणं बंद. मुकादम तीन दिवस वास घेत हिंडला, मग कंटाळला. आता दुपारी सोफ्याला टेकून घोरतो.

उमेळ्याला गेलो नाही. सकाळी कपडे करून तयार होतो आणि मग पेपर वाचतो. तोच पेपर दोनदा वाचला. हातपाय कुठे ठेवावेत कळत नाही. आज स्कूटर उगीचच पुसली.

२६ मार्च

उन्नती आली. मीराने दारात भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. मुकादम वेडा झाला, पण उडी मारली नाही. तिच्या पोटाशी नाक नेलं, कान टवकारले, आणि मग तिच्या पावलांवर हनुवटी टेकून पडून राहिला. सुमेध टक लावून बघत होता, हा कधी पाय वर करतो म्हणून. रात्री जेवताना तोच म्हणाला, "बाबा, हा तर माझ्यापेक्षा शहाणा आहे." हिलरीला फोन करून नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं."

उन्नतीला विचारलं, उमेळ्याला जाऊन येऊ या का? ती म्हणाली, "नको बाबा. मला ते होतं तसं आठवतंय." मग बराच वेळ आम्ही तिघं तेच आठवत बसलो. ती बावखलात पडली होती तेव्हा मी चपलांसकट उडी मारली होती, आणि पाणी माझ्या कमरेएवढंच होतं. मीरा हे सांगताना डोळे पुसत होती आणि हसतही होती. इतक्या दिवसांत आम्ही घरात असं बोललोच नव्हतो.

३० मार्च, पाडवा

गॅलरीत गुढी उभी केली. पुरणपोळ्या बांधून घेतल्या आणि मुकादमाला स्कूटरच्या पुढच्या फळीवर बसवून सेबेस्टियनकडे गेलो. मीराला विचारलं. म्हणाली, "पुढच्या वेळी येते." आधी नुसतं नाही म्हणायची.

सेबेस्टियनला सांगितलं की बाटली नको आता, आणि का नको तेही. त्याचा ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे, गंभीर राहायचा त्याने प्रयत्न केला, पण जमलं नाही. गोठ्याच्या खांबाला धरून हसला. मग एकदम थांबून म्हणाला, "म्हंजे तू येनार नाय आता?"

मी पुरणपोळ्यांची पुडी सोडायला लागलो.

"अरे, चाय प्यायला ये की. तुला काय वाटतं, तू गायीसाठी येत होता?"

मुकादमाला घेऊन पलीकडे गेलो. पत्र्याचं फाटक सणाची सुट्टी म्हणून अर्धवट उघडं होतं, वॉचमन जेवत होता, त्याने हाताने जा म्हटलं. आत चिकूसुद्धा आता नाही. नुसती लाल माती आणि सळया. मी मुकादमाचा पट्टा सोडला. म्हटलं, हा तरी ओळखेल. इथे केळीची ओळ होती, तिथे माड होता, जा, बघ. तो थोडं पुढे गेला. माती हुंगली, सळईला नाक लावलं. मी वाट बघत होतो की आता पाय वर करेल. खरं सांगायचं तर मला ते फार हवं होतं. मी म्हटलंसुद्धा, "मुकादम, अरे आपलंच आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, वळला, फाटकातून बाहेर पडला आणि स्कूटरच्या फळीवर चढून बसला.

मी त्या मातीत उभा राहून रडलो. पोटभर रडलो. वॉचमनने जेवता जेवता पाण्याची बाटली पुढे केली.

परत आलो तर बिल्डिंगच्या फाटकाशी मुकादमाने खाली उडी मारली. फाटकाचा उजवा खांब नीट हुंगला, मागचा पाय वर केला आणि भरपूर वेळ घेतला. आमचा वॉचमन धावत आला, नवीन आहे, मला ओळखत नव्हता. "ओ काका, कुत्रा बाहेरचा आहे का? इथं नाही चालणार!"

मी म्हटलं, "बाहेरचा नाही. आम्ही इथेच राहतो. चौथ्या मजल्यावर."